शेजारच्या आजींचा भाऊ

लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले त्या पहिल्याच हिवाळ्यात घर गरम ठेवणारा माझा बॉयलर बंद पडला. शेजारच्या आजींनी मला हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि हीटरसमोर बसवलं. नव्वदी ओलांडलेल्या, ज्यू, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या कपाटावर सैनिकी गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो होता.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "या देशात मला त्यानंच आणलं."

नाझींपासून वाचवायला ज्यू मुलांना व्हिएन्नाहून इंग्लंडला नेणाऱ्या गाडीत त्या सहा वर्षांच्या होत्या, तो चौदाचा. आईवडील स्टेशनवरच राहिले. पुन्हा कधी दिसले नाहीत. लीड्समधल्या एका कुटुंबानं बहिणीला ठेवून घेतलं. भाऊ शिवणकामाच्या कारखान्यात लागला. दर रविवारी तो चालत भेटायला यायचा. उरलेल्या तुकड्यांतून त्यानं तिच्यासाठी कोट शिवला होता, दोन्ही बाह्या वेगळ्या रंगांच्या.

अठराव्या वर्षी तो ब्रिटिश सैन्यात गेला. जर्मनांच्या हाती लागला तर ज्यू म्हणून मारतील, म्हणून त्याला इंग्रजी नाव घ्यायला लावलं. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या लढाईत तो पडला. त्याच नावानं त्याला पुरलं, वर क्रूस कोरलेला दगड.

"तो कोण होता हे तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं. मी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, तेव्हा कुठे दगड बदलला."

"तुम्ही पाहिलात?"

"नवऱ्याबरोबर जायचं ठरलं होतं. तोच आधी गेला."

एप्रिलमध्ये मी आठवड्याची रजा काढली. गाडी बोटीवर चढवून आम्ही दोघी फ्रान्सला गेलो. नव्या दगडावर ज्यूंचा सहा टोकांचा तारा होता, खाली त्याचं खरं नाव. मी फुलं नेली होती. आजींनी पर्समधून आपल्या बागेतले दोन खडे काढले.

"आमच्यात थडग्यावर खडे ठेवतात. हा घे, एक तूही ठेव."

मग त्या बराच वेळ त्या दगडाशी जर्मनमध्ये बोलत राहिल्या. त्या गाडीपाशी परत आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"सगळंच. शाळेत शिकवलं, लग्न केलं, नवऱ्याशी भरपूर भांडले. त्यानं आणलं म्हणून हे एवढं जगायला मिळालं."

बोटीवर मी त्यांना थँक यू म्हटलं.

"वेडी आहेस का? गाडी तू चालवलीस!"

पण या देशात माझं कुणीच नव्हतं, आणि त्यांनी मला आपल्या भावाकडे नेलं होतं.