आईच्या नावाची माशी

तीन परक्या संग्रहालयांतून आलेली खोकी भिंगवालीने टेबलावर ओळीने मांडली आणि चौथा खण आपल्याच कपाटातून ओढला. चारही ठिकाणी टाचणीखालच्या चिठ्ठीवर जातीचं एकच नाव होतं. तिच्या आईचं. आणि चारही ठिकाणच्या माश्या वेगवेगळ्या होत्या.

"आई एक, आणि लेकी चार घरच्या," ती स्वतःशीच म्हणाली आणि खण इतक्या जोरात ढकलला की शेजारच्या कपाटाची काच थरथरली.

गळ्यात दोरीला कायम भिंग लटकलेलं असे म्हणून तिला भिंगवाली म्हणत. कीटकविभागाच्या त्या लांबट, कापराच्या वासाच्या खोलीत तिची हयात गेली होती. हात हलके, नजर धारदार, आणि राग असा की एकदा चढला की उतरायला वाट सापडत नसे. ह्या वेळी तर तो आठवडेच्या आठवडे मुक्कामाला होता.

ह्या माश्या म्हणजे कोकीळमाश्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पण अंगावर हिरव्या-निळ्या-तांबूस रंगांचा अशी झळाळी, की एखाद्या सोनाराने फुरसतीने घडवल्या असाव्यात. घर बांधायचं नाव नाही. दुसऱ्या गांधीलमाशीने मातीचं घरटं लिंपायचं, पिल्लांसाठी शिदोरी भरायची, आणि मालकीण बाहेर गेलेली बघून हिने आत अंडं घालून यायचं. सापडलीच तर अंगाची गोळी करून पडून राहायचं. एकमेकींसारख्या इतक्या, की ओळखायच्या तर पाठीवरचे खड्डे बघावे लागतात आणि शेपटाच्या कडेचे दात मोजावे लागतात.

म्हणूनच नावांचे गोंधळ होतात, आणि गोंधळ सोडवायचा एकच रस्ता असतो. ज्या पहिल्या नमुन्यावरून जातीला नाव दिलं, त्या एका टाचणीला ते नाव बांधलेलं असतं. वाद झाला की त्या टाचणीपाशी जायचं. आईच्या नावाची ती टाचणी संग्रहालयात नव्हती. हे नाव ठेवणाऱ्या नानांनी, म्हणजे भिंगवालीच्या वडिलांनी, निवृत्त होताना ती 'जपायला' म्हणून घरी नेली होती. ह्याच विभागाचे ते प्रमुख. त्यांना अडवणार कोण? तेव्हापासून सगळं जग त्यांनी छापलेल्या एका चित्रावरून अंदाज बांधत बसलं होतं.

भिंगवालीला आईचं नाव वाचवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आई लोकांचे कपडे शिवायची. मागच्या दारात शिलाई मशीन, समोर मातीची भिंत, आणि भिंतीवर गांधीलमाश्यांची घरटी. पाय मशीनवर, एक डोळा भिंतीवर. अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांतून तिने एक छोटी जाळी शिवली होती. "आली बघा तुमची हिरवी," म्हणायची, आणि मशीन न थांबवता मनगटाच्या एका झटक्यात माशी जाळीत. नाना बाटली घेऊन यायचे, टाचणी टोचायचे आणि खाली चिठ्ठी लावायचे. चिठ्ठीवर 'संग्राहक' म्हणून नाव नानांचं. आई गेली तेव्हा त्या भिंतीवरच्या माश्यांनी संग्रहालयातला अख्खा खण भरलेला होता, आणि कुठेही ती नव्हती. होतं ते एका माशीचं नाव, तेवढंच.

सुट्टीच्या दिवशी भिंगवाली सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून भावाच्या घरी गेली. नाना खिडकीपाशी बसले होते.

"ती टाचणी हवी आहे."

"मी मेल्यावर घे."

"तुम्ही मेल्यावर वहिनी कपाट भंगारात देईल."

"मी कशाला देऊ?" वहिनी आतून ओरडली. "वन्सं, भांडायचं तर बापाशी भांडा, मला का मध्ये ओढता? आणि भंगारवालाही घेणार नाही, इतका कापराचा वास मारतंय ते!"

"नाना, चार ठिकाणी चार माश्या आईच्या नावाने बसल्यात. लोक हसतात."

"लोकांना दिसत नाही. चित्र स्पष्ट आहे."

"चित्रात दात तुम्ही सावलीत घातलेत. एकही धड मोजता येत नाही. चावी द्या."

नानांनी खिडकीबाहेर बघितलं. भिंगवाली कपाटाशी गेली, कुलूप हातात धरलं आणि हिसडा मारला. जुनी कडी लाकडासकट निघून आली.

"झालं! आता सुतार आणा," वहिनी म्हणाली.

आत एका डबीत ती टाचणी होती. हिरवी, झळाळती. भिंगवालीने खिडकीतला उजेड धरून सूक्ष्मदर्शक लावला आणि खाली वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. छातीवरचे खड्डे मोठे, खरबरीत. पोटावरचे बारीक, रव्यासारखे. पोट छातीपेक्षा अंगाने थोर. आणि कमरेशी, जिथे दोन्ही भाग मिळतात, तिथे पिवळसर, सुकलेल्या डिंकाचं कडं.

ती सरळ झाली तेव्हा तिचा आवाज फारच हळू होता.

"हे पोट हिचं नाही."

"तुटलं होतं, चिकटवलं," नाना म्हणाले. "सगळेच चिकटवतात. तुटलेलं काय फेकून द्यायचं?"

"कुठून उचललंत?"

"खोक्याच्या तळाशी पडलं होतं."

"खोक्याच्या तळाशी! त्या खोक्यात माश्या किती होत्या? पोटं किती तुटली होती? पुढची अर्धी एकीची, मागची अर्धी दुसरीची, आणि त्या जोडगोळीला तुम्ही आईचं नाव दिलंत?"

"दुसरा एक जण त्याच माश्यांवर छापणार होता. घाई होती."

"घाई होती," ती म्हणाली. "जन्मभर तिची जाळी वापरलीत, आणि तिचं नाव द्यायची वेळ आली तेव्हा तुम्हाला घाई होती."

तिने बरणीत ओली वाळू घातली, बुरशी धरू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले, टाचणी बुचावर टोचून आत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. दमट हवेने डिंक सैल होतो. बरणी घेऊन ती संग्रहालयात परतली. दुसऱ्या दिवशी बरणी उघडून चिमट्याचा जरासा स्पर्श झाला आणि पोट आपणहून सुटलं. तिने दोन्ही अर्ध्यांची पुरी पडताळणी केली. पुढची अर्धी एका जुन्या, साध्या जातीची, मागची दुसऱ्या तितक्याच जुन्या जातीची. दोघींना केव्हाच नावं मिळालेली होती, आणि जुन्या नावापुढे नवं टिकत नाही. आईच्या नावाची माशी जगात कुठेच नव्हती.

परक्या संग्रहालयांच्या तिन्ही माश्याही ओळखीच्याच निघाल्या. चौथा खण मात्र, तो तिच्या घरामागच्या भिंतीवरचा, तिला उठू देईना. तांबूस कडा, तीनच दात, मधला आखूड. अशी माशी कुणीच लिहिलेली नव्हती. आईने जाळीत धरलेली, नानांनी त्या कडबोळ्याच्या नावाखाली लावून ठेवलेली, आणि खरोखरची नवी.

ती परत भावाच्या घरी गेली. कपाटाला नवी कडी बसली होती. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

नानांचा चेहरा उजळला. "मग त्या नवीला दे ना तिचं नाव! प्रश्नच मिटला."

"देता येत नाही. एकदा दिलेलं नाव बुडालं तरी त्याच गोतात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, पुन्हा दुसऱ्या जातीला चालत नाही. तुम्हाला माहीत आहे."

नाना पुन्हा खिडकीकडे वळले.

"एकच नाव होतं तिचं. तुम्ही ते वापरून संपवलंत."

वहिनी दारात हात पुसत उभी होती. सासूबाईंचं मशीन आता तिच्याकडे होतं. सगळी गल्ली तिच्याकडून कपडे दुरुस्त करून घ्यायची. "वन्सं, सासूबाई काय नुसत्या नावापुरत्या होत्या का?" ती म्हणाली. "शिवायच्या की. तसं काही चालत नाही का तुमच्यात?"

भिंगवाली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली.

नव्या जातीचं नाव तिने ठेवलं ते जुन्या शास्त्रभाषेतलं; त्याचा अर्थ 'शिवणारी'. पहिल्या नमुन्याच्या जुन्या चिठ्ठीला हात लावायचा नसतो, म्हणून तिने खाली आणखी एक चिठ्ठी टोचली: मागच्या दारातून जाळीत धरली, आईने. तिथे तिने आईचं पूर्ण नाव लिहिलं.

छापून आल्यावर ती प्रत घेऊन गेली. नानांनी भिंग मागितलं. तिने गळ्यातलं काढलं नाही, टेबलावरचं दिलं. ते पान पान उलटत राहिले.

"माझं नाव कुठेच नाही?"

"आहे की. शेवटून दुसऱ्या पानावर, बाद झालेल्या नावांत. ज्याने दिलं त्याचं नाव पुढे लिहावंच लागतं."

नानांनी ते पान काढलं. आईचं नाव, आणि त्याला लागून त्यांचं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, आणि ते उचलेनात.

भिंगवाली थांबली नाही. आत मशीनवर बसलेल्या वहिनीला हाक मारून म्हणाली, "मशीनला तेल घाल गं, फार करकरतंय," आणि जिना उतरली.