डाव्या छातीवरचा खिसा

तामलवाडीच्या शेडमधी मी खिसे लावते. शाळेच्या शर्टाचे, डाव्या छातीवरचे, बास. एक बाई कॉलर करते, एक बाह्या, एक काजं-बटनं. आख्खा शर्ट आमच्यातल्या एकीलाबी येत न्हाय. गठ्ठे बांधले की टेम्पो घेऊन जातो. कापड मालकाचं, मशीन मालकाची, शर्ट कुण्या पोराचा. माझं काय? खिसा. त्योबी रिकामाच!

पण हे आत्याबाईंना, म्हंजी माझ्या सासूला, कोण सांगणार? "आमची सून टेलर हाय," म्हणून त्या गल्लीभर मिरवायच्या. एक दिवस तुळजापूरच्या आईच्या ओटीतला हिरवा खण माझ्या पुढ्यात टाकला. "पुतणीच्या हळदीला तुझ्याच हातचं झंपर घालणार. समद्यांला सांगून बसलेय." झालं! प्रसादाचा खण, दुसरा कुठनं आणायचा? अन् त्यांचा शब्द माझ्या सुईत अडकलेला.

सुट्टीच्या दिवशी बाहीवालीच्या घरी आमी चौघी जमलो. तिच्याकडं मशीन हाय. "घाबरू नगं गं," कॉलरवाली आपा म्हणली, "रोज ढीगभर शिवतो, एक झंपर काय चीज हाय!" मग काय, येड्यावानी सुटलो. गाणी काय, खिदळणं काय! डोक्यावर सुपरवायझर न्हाय, घंटा न्हाय. हातातनं गेलेलं कापड फिरून परत आपल्याच हातात येतंय, ह्याचं मला लई नवल वाटत होतं. जिला जे येतं ते तिनं केलं. शेवटी उलगडून धरलं तर, अगं माय माय! ताठ कॉलर, पुढं बटनं, डाव्या छातीवर खिसा. हिरव्या खणाचा शाळेचा शर्ट! "या अल्ला," म्हणत आपा चटईवर लोळली. मला हसता हसता रडू फुटलं.

घरी येऊन आत्याबाईंना खरं ते सांगून टाकलं: मला खिसाच येतो, बाकीचं त्या तिघींचं. त्यांनी झंपर अंगात घातलं, आरशात बघितलं. मग कमरेची पान-तंबाखूची चंची काढून खिशात घातली अन् वरनं थोपटली. "मेली सारखी सांडत होती," म्हणल्या, अन् ठसका लागस्तोवर हसल्या.

हळदीत बायकांनी त्यांना घेरलं. पदर सारून त्या एकेक दावायला लागल्या. कॉलर आपाची, बाह्या बाहीवालीच्या, बटनं तिसरीची. मग खिशावर पंजा ठेवून म्हणल्या, "अन् ह्यो माझ्या सुनंचा."

आजवर टेम्पोच्या टेम्पो भरून माझे खिसे गेले. माझा म्हणून कुणी हात ठेवलेला ह्योच एक.