तिसऱ्या नंबरची रिकामी जागा
हेन्डरसन उपनगरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दमट मासिकांचा वास आला आणि ख्राइस्टचर्चमधल्या आमच्या शेजाऱ्यांचं गॅरेज आठवलं. ते म्हातारे इंग्रज गृहस्थ तरुणपणी ब्रिटनमध्ये टूरिंग कारच्या शर्यतींत उतरायचे. त्यातल्या एका सीझनचे निकाल ते जुन्या मासिकांतून जुळवायचे आणि मी लॅपटॉपवर उतरवायचो. नियम त्यांचाच, दोन वेगवेगळ्या मासिकांत सापडल्याशिवाय नाव लिहायचं नाही. मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चढवून, हीटरशी हात शेकत ते पानं उलटायचे. एका शर्यतीतला तिसरा नंबर मात्र एकाच मासिकात मिळाला, आणि नाव त्यांचंच होतं. पोडियमवर ते आयुष्यात एकदाच चढले, ते त्याच दिवशी. "अहो, गाडीत तुम्ही स्वतः होतात. लिहू ना?" मी विचारलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "दुसऱ्या कुणाचं नाव असतं, तर लिहिलं असतंस?" मी नकारार्थी मान हलवली. "मग रिकामं ठेव," म्हणाले आणि पुढची शर्यत काढली. आता ते नाहीत. हेन्डरसनमध्ये हाताला लागलेला अंक त्याच वर्षाचा, पण वेगळ्या मासिकाचा होता. उभ्या उभ्या निकालाचं पान शोधलं, तिसऱ्या नंबरवर त्यांचंच नाव दोनदा वाचलं, आणि घरी येऊन आधी ती जागा भरली.