कागदावरच्या चांदण्या आणि माझा स्कॅनर

फोटो स्टुडिओत एक ड्रॉवर असतो. लोक पासपोर्ट फोटो काढतात, घाईघाईत पैसे देतात आणि न्यायला विसरतात. तसे फोटो त्यात साठत जातात. बदनापूरच्या माझ्या स्टुडिओत गेल्या वर्षभरात किस्सेही तसेच साठलेत. न्यायला कोणी येत नाही, म्हणून म्हटलं आज ड्रॉवरच उपडा करावा!

आधी माणसं सांगतो. तीर्थपुरीचे आमचे गुरुजी, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. दुर्बिणीतून जे दिसेल ते पेन्सिलीने कागदावर काढायचं हा त्यांचा नाद. त्यांच्याच नादी लागलेले जनावरांचे डॉक्टर. आणि मी सुभाष. आयुष्यभर लग्नाचे अल्बम केलेला माणूस. त्यांची चित्रं स्कॅन करायची, साफ करायची, मोठी प्रिंट काढायची हे माझं काम. गुरुजींना शाळेच्या हॉलमध्ये चाळीस चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. अट एकच. "डोळ्यानं दिसलं तेवढंच कागदावर, अन् कागदावर हाय तेवढंच प्रिंटवर. एक ठिपका इकडचा तिकडं झाला तर प्रदर्शन क्यान्सल!"

आणि अशा माणसाने काम दिलं कोणाला, तर मला!

*

पहिलंच चित्र चंद्राचं. ऐन लग्नसराईत आलं. दिवसभर नवऱ्यामुलींच्या गालांवरच्या पुटकुळ्या घालवून माझा हात तयार झालेला. चंद्र स्क्रीनवर आला आणि बघतो तर काय, तोंडभर खड्डे! ब्रश घेतला आणि तासाभरात एकेक खड्डा बुजवला. वरून थोडा ग्लोही मारला.

"गुरुजी, एकदम क्लिअर केला बघा!"

गुरुजींनी भिंग लावून पाहिलं. मग म्हणाले, "सुभाष, ह्याला बघायला पाहुणे येऊन राह्यलेत का?"

मूळ कागद शाबूत होता, म्हणून मीही शाबूत राहिलो.

*

चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलीने काढतात. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की सगळं उलटं होतं. कागद काळा, चांदण्या पांढऱ्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दुकानातल्या गिऱ्हाइकालाही बोलावून दाखवलं.

डॉक्टरांनी मृग नक्षत्र काढलं, ते आपल्या लेटरपॅडच्या पातळ कागदावर. त्याच्या पाठीमागे कोणाच्या तरी गाईचं औषध लिहिलेलं, हे त्यांच्या लक्षात नाही. मी बटण दाबलं आणि मृगाच्या पोटातून चमकत्या अक्षरांत उमटलं, "दोन टाइम, पेंडीतून." अक्षरं उलटी होती, पण डॉक्टरांनी आपलं औषध लगेच ओळखलं!

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, आता उतार हाय का त्याला?"

*

गुरू ग्रहाजवळ दुर्बिणीतून चार चंद्र दिसतात. ते मला आता पाठ आहे. पण त्या दिवशी प्रिंटवर पाच निघाले. डॉक्टर हरखले. त्या संध्याकाळी दुर्बिणीला डोळा लावून बसले, दुसऱ्या संध्याकाळी बसले, तिसऱ्या संध्याकाळी मान धरली. पाचवा काही सापडेना. नाव काय ठेवायचं, यावर मात्र त्यांचं आणि गुरुजींचं भांडण होऊन गेलेलं.

चौथ्या दिवशी मी स्कॅनरची काच पुसली. पाचवा चंद्र फडक्याला लागून आला. शेंगदाण्याचं फोल होतं!

डॉक्टर मान चोळत म्हणाले, "सुभाष, तू खारे दाणे खात जाऊ नको बाबा. बिलकुल नको."

*

दुर्बिणीत उजवं ते डावं दिसतं. गुरुजी म्हणाले, चित्र सुलटं करून दे. मी आख्खं पान फिरवून दिलं. शनी सुलटा झाला, गुरुजींची सही उलटी. सहीबरोबर काय लिहिलं होतं ते वाचायला गुरुजी प्रिंट घेऊन आरशापुढे उभे राहिले. तिथे एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी भांग पाडत होतं.

"गुरुजी, आरशात काय बघून राह्यले?"

"शनी."

त्याने कंगवा ठेवला, हात जोडले आणि तसाच फोटोला येऊन बसला. त्याच्या पासपोर्टवर आजही भांग अर्धाच आहे.

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी डॉक्टरांना घेऊन शेवटची तपासणी करायला आले. बाजाराला निघालेल्या काकू, म्हणजे गुरुजींच्या बायको, त्याही पिशवी घेऊन सोबत आल्या आणि बाकावर टेकल्या. चाळीसच्या चाळीस प्रिंट टेबलावर मांडलेल्या. गुरुजी भिंग लावून एकेक बघत होते. "बराबर... बराबर..." माझा जीव प्रत्येक 'बराबर'ला थोडा खाली येत होता.

कृत्तिकांची प्रिंट आली. तीही बराबर.

"अन् ती कोपऱ्यातली बारकी कुठं गेली?" काकू बाकावरूनच म्हणाल्या.

कोपऱ्यात एक ठिपका होता खरा, पण इतका फिका की मी कचरा समजून पुसला होता. "काकू, ती धूळ होती."

"धूळ कशी? मी दुर्बिणीतून बघून सांगितली, तवा ह्यांनी काढली. ह्यांच्या मोतीबिंदूला ती कुठली दिसायला?"

डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी डॉक्टरांकडे. गुरुजी चष्मा पुसत बसलेले. संपलं, म्हटलं. उद्याचं प्रदर्शन गेलं!

गुरुजींनी चष्मा घातला. "ती चांदणी परत लाव, सुभाष." मग खिशातली पेन्सिल काढली आणि काकूंपुढे धरली.

"सही कर."

"कशावर?"

"जी तू बघितली तिच्यावर."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. पदराने हात पुसले, डॉक्टरांच्या प्रिंट बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या वाटायला घेतल्या. "ही तुमची. ही माझी. ही माझी. ही बी माझीच." गुरुजींच्या वाटणीला सात आल्या. शेवटी धूमकेतू हातात आला, तशा काकू थांबल्या. प्रिंट जराशी गुरुजींकडे सरकवली.

"ह्याच्यावर दोघांची करू," त्या म्हणाल्या. "शेपूट तुम्हाला बी दिसल्तं."