कवडूने बांधलेली तिरडी

कवडू भोयरची चक्की भर दिवसा थांबली की गावात दोनच गोष्टी संभवतात. वीज गेली, नाहीतर कोणीतरी गेलं. घरातला पंखा फिरत असेल तर दुसरी. मग माणसं खांद्यावर दुपट्टा टाकून बाहेर पडतात आणि कोण गेलं ते रस्त्यात विचारून घेतात.

गिरडहून समुद्रपूरकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं. इथे कवडू दळण दळतो आणि गावातली प्रत्येक तिरडी बांधतो. दुसरं काम त्याला कोणी नेमून दिलेलं नाही. बाप बांधायचा, म्हणून तो बांधतो. त्यात मिळकत नाही, मान आहे. मयताचा निरोप आधी कवडूकडे जातो, मग लेकीजावयांकडे. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानावर बुंदी दोनदा पडते, कारण उद्याचं कोणी सांगावं.

दिवाळीनंतर गावात सिनेमावाले आले. इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट होती. एक मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, मरतो. पण साहेबाच्या दरबारात हजेरी लावल्याशिवाय त्याला मरायची परवानगी नसते. त्यामुळे अंत्ययात्रा निघाली की साहेबाचा शिपाई आडवा येतो, मढं तिरडीवर उठून बसतं, मुजरा करतं आणि पुन्हा आडवं होतं. असं पुन्हापुन्हा होतं. शेवटी साहेबच तिरडीवर चढतो आणि मालगुजार त्याला खांदा देतो.

दिग्दर्शक मिहिर पुण्याचा, बोलायला मऊ. त्याला सगळं अस्सल हवं होतं, म्हणून खांदेकरी गावातले, गल्ली गावातली आणि तिरडी कवडूची. कवडूने ती रीतसर बांधली. उठून बसायची वेळ आली तेव्हा नटाला मानेपलीकडे काही हलवता येईना. विळ्याने सुतळी कापून त्याला सोडवावं लागलं. मिहिरने सुरगाठ मारायला सांगितलं, म्हणजे एक टोक ओढलं की नट मोकळा.

"सुरगाठ नाडीले असते, साहेब. तिरडीले नाई," कवडू म्हणाला.

मिहिरने वाद घातला नाही. गाठ मारताना पडद्यावर फक्त तुमचे हात आणि तुमचा चेहरा दिसेल, एवढंच त्याने सांगितलं. कवडूने एक बिडी ओढून होईपर्यंत विचार केला आणि सुरगाठ मारली.

सिनेमा तयार झाल्यावर मिहिरने तो आधी गावाला दाखवला. पंचायतीच्या सभागृहात पांढरा पडदा लागला, सतरंज्या पडल्या. लोक कुठे हसतात ते टिपायला मिहिर मोबाइल धरून मागे उभा राहिला. कवडू इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, खाली हात आले, गाठ बसली. मागून कोणीतरी त्याचं नाव घेतलं. आजवर एवढा आनंद आपल्याला झाला नव्हता, असं कवडू पुढे सांगत असे, आणि तो फार टिकला नाही हेही.

कारण लगेच तिरडी उचलली गेली आणि ओळखीच्या गल्लीतून ओळखीच्या खांद्यांवर निघाली. वासुदेवराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, सवयीने उठून उभे राहिले. प्रेत जाताना बसून राहायची रीत नाही. त्यांच्यामागे सगळं सभागृह उठलं. माणसांनी टोप्या काढल्या, बायकांनी हात जोडले. मागे मिहिरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री ते चित्रण त्याने सगळीकडे पाठवलं, आणि सिनेमा अर्धा झाला असतानाच प्रेक्षक उभे राहिले, अशी बातमी एका शहरी वर्तमानपत्रात आली.

मग मढं उठून बसलं. इथे हशा होईल अशी मिहिरची अटकळ होती. हसले ते एकटे गुरुजी. ते सतरंजीवर बसून पोट धरून हसले. बाकीचं गाव कवडूकडे पाहत होतं.

सिनेमा संपल्यावर बायका दारातल्या कडुनिंबाखाली थांबल्या आणि एकेक पान चावून घरी गेल्या. हे काय, असं मिहिरने विचारलं. मयतीहून आल्यावर पान चावावं लागतं, असं त्याला समजावून सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर रूपरावने खटला उभा केला: कवडूने बांधलेल्या तिरडीवरून मढं उठलंच कसं? रूपराव पंचायतीचा सदस्य, आणि गावातल्या कोणत्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असतं. कवडू म्हणाला, तो सिनेमा आहे, त्यातलं सगळं खोटं असतं.

"मढं खोटं होतं, मान्य," रूपराव म्हणाला. "गाठ तं खरी होती ना?"

गाठ खरी होती.

पुढच्या महिन्यात रूपरावची चुलती वारली. तिरडी बांधायला शेजारच्या गावातून माणूस आला. कवडूची चक्की चालूच राहिली, त्यामुळे अर्ध्या गावाला मयत कळलीच नाही. प्रेत चक्कीसमोरून गेलं तेव्हा त्याने पट्टा उतरवून चक्की बंद केली आणि पिठाने माखलेले हात जोडून दारात उभा राहिला. खांदेकऱ्यांपैकी कोणी मान वळवली नाही.

त्यानंतर तो पिठाचे डबे आणि पिशव्या निरगाठीने बांधू लागला. घरोघरी बायका पिशव्या विळीवर कापू लागल्या. त्याने गावाचं मत बदललं नाही, पिशव्या मात्र संपल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी वासुदेवराव गुरुजी गेले. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, कवडूलाच बोलावलं. चक्की थांबली, आणि पंखे फिरत होते. अंगणात गाव जमलं होतं. रूपराव तिरडीच्या इतका जवळ उभा होता की कवडूला बांबू फिरवताना त्याला सरकायला सांगावं लागलं. आता गाठ कशी बसते यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात कौसल्याबाईंनी कवडूला आत बोलावलं. सिनेमा पाहून आल्यावर गुरुजींनी खाटेवरून दोनदा उठून, मुजरा करून दाखवला होता, आणि स्वतःच हसत बसले होते, असं त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून बोलल्या.

"पिक्चरमधल्यावानी बांधजो, कवडू. घट्ट नोको."

"काकू, गाव पाहून राह्यलं."

"पाहू दे. मले विचारून पाहून राह्यलं का?"

गुरुजींनी कवडूला पाढे शिकवले होते, पण तो विचार त्याच्या मनात आला नाही. त्याच्या मनात रूपराव होता. तो बाहेर आला, पेंढ्याची तणस पसरली, गुरुजींना ठेवलं, सुतळी फिरवली. शेवटी छातीवर गाठ आली तेव्हा त्याने सगळ्यांना दिसेल असा दात आवळून झटका दिला, आणि फुलांच्या हाराखाली सुरगाठ मारली.

यात्रा निघाली. विसाव्याला तिरडी खाली ठेवली तेव्हा ती लगेच कोणी उचलली नाही. सगळे गुरुजींकडे पाहत होते. रूपराव वाकून पाहत होता. गुरुजी उठले नाहीत. सरणावरही उठले नाहीत. आंघोळ करून पान चावताना रूपराव मोठ्याने म्हणाला की बांधावी तर कवडूनेच, आणि चारजणांनी मान हलवली.

तेरवीला कवडूच्या पानावर बुंदी दोनदा पडली. जेवण झाल्यावर कौसल्याबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"घट्ट बांधलं होतं का रे?"

"नाई काकू. सुरगाठच होती. बापाची आन."

कौसल्याबाईंनी पदर खोचला.

"म्हंजे त्यायलेच उठाचं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पंगतीला वरण कमी पडतं का ते पाहायला गेल्या.