घड्याळवाल्याची वहिनी

कारखान्यात त्याला सगळे घड्याळवाला म्हणत. औषधाच्या बाटल्या खोक्यात भरणाऱ्या बायकांच्या मागे तो स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचा आणि त्यांच्या हालचाली रकान्यांत टाकायचा. शोधणे, उचलणे, ठेवणे, थांबणे. नाक पुसलं तरी थांबणे! शेवटी प्रत्येकीला अ, ब नाहीतर क. क म्हणजे सरळ घरी.

घड्याळ मागे आलं की हात संथ करायचा, हे तिथं झाडू मारणारीलाही ठाऊक. त्या दिवशी जो वेळ ठरेल त्याच वेळात पुढे वर्षानुवर्षं मरायचं असतं. पण एके दिवशी तो थांबला स्वतःच्या वहिनीमागे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं, स्वतः अर्धपोटी राहून शिकवलेलं. साहेबही शेजारी उभे. आपल्या पोराची मान खाली जायला नको म्हणून बिचारी जीव तोडून भरत सुटली. शेजारणीनं पायानं ढोसलं, तरी थांबेना. एका खोक्याला चौतीस सेकंद! एरवी पन्नास लागत.

कागदावर ‘वेग’ असा एक रकाना होता. तिथं ‘नेहमीपेक्षा जलद’ लिहिलं असतं तर ठरणारा वेळ वाढवून धरला असता आणि मिटलं असतं. पण साहेब खुशीत म्हणाले, “वा! म्हणजे जमतं की!” आणि या पठ्ठ्यानं लिहिलं, ‘नेहमीचा’.

पुढच्या महिन्यात सगळ्यांना चौतीस सेकंद लागू झाले. बायकांनी वहिनीशी बोलणं टाकलं. तिचे स्वतःचे हात तर आठवड्यातच सुजले. यादी लागली, क मध्ये ती पहिली.

घरी ती म्हणाली, “अरे, त्या दिवशी तुझ्यासाठी धावले रे मी. साहेबांना एवढं सांग, बाकी काही नको.”

“सांगतो,” तो म्हणाला. सांगितलं असतं तर कागद खोटा ठरला असता, आणि कागदाखाली सही त्याची होती.

सकाळी ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. तो बाजूलाच.

“चौतीस सेकंद हिचेच ना?” साहेबांनी विचारलं. “मग आता कामचुकारपणा करते म्हणायचं. तुमच्या ओळखीची आहे का ही?”

वहिनीनं आशेनं त्याच्याकडे पाहिलं.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “एकदा मोजली होती, तेवढंच.”