भिंतीकडे तोंड

रागाच्या भरात मी आईला एक वाक्य बोलून गेले होते. त्या वाक्याची भीती माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. आई विळी, शिलाई मशीन, वडिलांची सायकल असं सगळं धुऊनपुसून पूजेसाठी तयार करत होती. मी म्हटलं, "सायकलले हार, विळीले कुंकू, आणि माझ्या यंत्राले काहून नाही? पोरीनं बनवलं म्हणून?"

"लावीन वं बाई, तुझ्याही यंत्राले लावीन," आई म्हणाली. "तोंड नको फुगवू."

माझं यंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. एका मासिकातली आकृती पाहून, गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर मी तो जोडला होता. घरच्या ग्रामोफोनचा आवाज त्यातून मोठा निघायला हवा होता. निघाली ती नुसती गुणगुण, एकसारखी, डोकं उठवणारी. तीन आठवडे मी तिच्याशी भांडले. शेवटी त्या रात्री भिंतीतली पिन काढून उलटी खोचली, तर ती निम्म्यावर आली. त्या काळच्या दोन दांड्यांच्या पिना उलट्यासुलट्या कशाही बसायच्या. मग मी टेस्टर डब्याला टेकवला आणि त्यातला दिवा लागला. मला वाटलं, चला, करंट तरी नीट पोहोचून राहिला. बोटांना एकदा झिणझिण्या आल्या होत्या, त्याही मी मनावर घेतल्या नाहीत. डब्याचा स्विच बंद केला, पिन तशीच भिंतीत राहू दिली आणि झोपले. इतकी मी शहाणी.

सकाळी उरलेल्या गुणगुणीचा बंदोबस्त करायचा म्हणून आकृतीचा कागद घेतला आणि कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधल्या काकांच्या घरी गेले. काका मूळचे कुही गावचे, लॅबमध्ये अटेंडंट. डिग्री नव्हती, पण बिघडलेलं मीटर आमचे प्रोफेसरही गुपचूप त्यांच्याकडेच न्यायचे. ते अंगणात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, तारा डाग द्यायचा कैया असं पाटावर मांडून बसले होते. त्यांच्याकडेही पूजाच होती. मी कागद पुढे केला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "यात ट्रान्सफॉर्मर कुठं आहे?"

"नाहीच आहे. आकृतीतच नव्हता."

"मंग लाइनीची एक तार सरळ डब्याले जोडली तुनं?"

"हो."

"टेस्टर लावून पाह्यला होता?"

"लावला ना. दिवा लागला," मी अभिमानानं सांगितलं.

काकांनी कागद खाली ठेवला. "पोरी, डब्यावर दिवा लागला म्हणजे डब्यात करंट उतरला. तुझ्या पायात काय होतं?"

"चपला. रबरी."

"त्यायनंच वाचवलं तुले."

"पण काका, स्विच बंद करून आली मी."

"स्विच दुसऱ्या तारेवर आहे. पिन भिंतीत आहे तोवर डबा जिवंत आहे. घरी कोण आहे?"

घरी आई होती. एकटी. वडील उमरेडहून दुपारच्या बसनं यायचे होते.

आणि आई पूजा ओलेत्यानं करायची. आंघोळ झाली की अंग न पुसता, ओल्या लुगड्यानं, अनवाणी. आधी पाण्याचा हात, मग हळद, मग कुंकू, मग प्रत्येक वस्तूला डोकं टेकवून नमस्कार. विळीला, मशीनला, सायकलला. आणि आज डब्याला, कारण मी तसं म्हटलं होतं.

काका काहीतरी बोलत होते, ते मी ऐकलं नाही. माझी सायकल काढली आणि निघाले. प्रताप नगरातल्या आमच्या घरापर्यंत कितीही हाणली तरी वीस मिनिटं लागायची. आमच्या गल्लीत कोणाकडे फोन नव्हता. रस्ताभर रिक्षांना, ट्रकांना झेंडूचे हार, जो तो पाण्यानं धुऊन राहिला आपापली गाडी. ते पाणी पाहून मी पायडल आणखी जोरानं हाणलं. सगळ्यांचा राग आला. मासिकाचा, आईच्या ओल्या लुगड्याचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या जिभेचा. काय गरज होती ते बोलायची? देवाचं नाव तोंडात येईना. सायकलची चेन उतरेल अशी सारखी भीती वाटत होती. ती उतरली नाही.

दार उघडं होतं. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली.

आई आतल्या खोलीत जमिनीवर होती. गुडघे दुमडलेले, लुगड्याखाली पाण्याचं थारोळं, आणि कपाळ डब्याला टेकलेलं. हलत नव्हती. मला पुढे पाऊलच टाकता येईना. हात लावावा की लावू नये, तेही सुचेना. दारातच उभी राहिले.

मग तिनं डोकं उचललं. कपाळाला डब्यावरचं कुंकू लागलं होतं. "पूजेत हाक नसते मारत," ती म्हणाली.

"पिन," मी म्हटलं. एवढंच निघालं.

पिन तिच्या ताटात होती. दोन्ही पितळी दांड्यांना हळदकुंकू, वर झेंडूची पाकळी.

"काहून काढली?"

"त्याचं तोंड भिंतीत होतं ना," आई म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून कोणी पूजा घेते काय? आधी पिन काढली, मंगच पाण्याचा हात लावला."

मी तिच्याजवळ बसले आणि रडायला लागले. आईला काही समजेना. तेवढ्यात काका धापा टाकत दारात आले. माझ्या मागोमाग त्यांनीही सायकल काढली होती. खिशात टेस्टर होता. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तिला दूर कोरड्यात उभं राहायला सांगितलं. पिनेच्या दांड्या धोतरानं कोरड्या पुसल्या आणि रात्री ती कशी होती ते मला विचारून तशीच उलटी भिंतीत खोचली. टेस्टर डब्यावरच्या कुंकवाच्या बोटाशेजारी टेकवला.

दिवा लागला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिन काढून घेतली.

आईनं मात्र लांबूनच हात जोडले. "बघ," ती मला म्हणाली, "दिवा लागला. पावली तुझी पूजा."

मी हो म्हटलं. तिचा ओला पदर मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि वडिलांची बस येईपर्यंत काही तो सोडला नाही.